उठामायचा मुक्काम

उठामायला मांडी घालून बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. चहा दिला तर उभ्यानं प्यायची, आणि तोही निम्मा. उरलेला निम्मा पीत पीत ती कुठंतरी निघालेली असायची. कधी घोडीकडं, कधी कोकरांकडं, कधी उगाच बांधापर्यंत. कप मात्र न चुकता परत आणून द्यायची. फारच आग्रह केला तर टाचा उचलून उकिडवी टेकायची, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायला वेळ नको. एकदा मी हट्टानं पाट मांडला आणि म्हणाले, मावशी, आज तुम्हाला नीट बसवल्याशिवाय सोडत नसते. तिनं पाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पाट देवाला दे माय. देवाला कुटं जायचं नसतंय."

उंच, काटकुळी बाई. हिरवं लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओढून खोचलेलं, पायात टायरच्या वहाणा, हनुवटीवर गोंदण आणि खांद्यावर वर्षाचे बारा महिने एक काळं घोंगडं. तिचं खरं नाव काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या तळावरचे सगळे तिला आत्या म्हणायचे, तिचा पोटचा मुलगासुद्धा. उठामाय हे नाव आमच्या गावानं ठेवलेलं. तळ हलवायची वेळ झाली की ती एकच शब्द बोलायची, "उठा." मोठ्यानं नाही, ओरडून नाही. तव्यावर भाकरी असली तर ती फडक्यात बांधली जायची, रडणारं लेकरू पाठीवर जायचं आणि बघता बघता रान मोकळं व्हायचं.

मी या सगळ्याच्या अगदी उलट. आमचं घर वालूरच्या शिवारात, शेतातच आहे. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. लग्न होऊन आले ती या आखाड्यावर, आणि इथंच रुतले. परभणीला दवाखान्यात जायचं म्हटलं तरी मला आदल्या दिवसापासून धडकी. दुधाचं काय होईल, दार कोण लावील, मांजर उपाशी राहील. आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, मला घरकोंबडी म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. पातेली कुठल्या फळीवर, केरसुणी कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं जागच्या जागी असलं की माझा जीव जागच्या जागी असतो.

अशा माझ्या जागच्या जागी असलेल्या संसारात एका वर्षी संक्रांतीनंतर मेंढरं आली. कापसाची शेवटची वेचणी झाली होती. आमच्या घरच्यांनी बाजारात एका मेंढपाळाशी ठरवून टाकलं की रानात दोन रात्री मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, मेंढपाळांना ज्वारी मिळते आणि मेंढरांना पऱ्हाट्यांचा पाला. रीत जुनीच आहे, पण मला विचारलं नव्हतं. परकी माणसं, त्यांची कुत्री, त्यांची लेकरं आमच्या विहिरीवर, या विचारानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. सकाळी धुरळा उठला आणि मेंढरांचा लोंढा रानात शिरला. मागून लादलेल्या घोड्या आल्या. सामानावर पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीतून तोंड काढलेली कोकरं आणि एका घोडीवर दोरीनं बांधलेलं एक लेकरू, तेही गाढ झोपलेलं. सगळ्यांच्या पुढं ही बाई. तिनं रानाच्या मधोमध उभं राहून टाचेनं ढेकूळ फोडलं, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि हातानं खूण केली. मी पदर खोचून विहिरीबद्दल चार शब्द सुनवायला तिथं पोचेपर्यंत मेंढरं कोंडायच्या जाळ्या ठोकून झाल्या होत्या, चूल पेटली होती आणि तिनं माझ्या हातावर गरम भाकरी आणि मेंढीच्या दुधाचा खरवस ठेवला. भांडायला गेले होते, जेवून परत आले.

चार बिऱ्हाडं होती ती. पण कुणाचं बिऱ्हाड कुठं संपतं आणि कुणाचं कुठं सुरू होतं हे मला कधी समजलं नाही. एका पोराला मी विचारलं, तू कुणाचा रे? त्यानं जवळ उभ्या असलेल्या बाईकडं बोट दाखवलं. ती त्याची आई नव्हती, फक्त जवळ होती. रानात गेलेला शेवटचा माणूस परत येईपर्यंत तळावर कुणी घास तोंडात घालायचं नाही, ही उठामायची शिस्त. भाकरी थंड होऊ दे, लेकरं किरकिर करू देत. भांडणं व्हायचीच, जावा-जावांची तर कडाक्याची व्हायची. पण "उठा" म्हटलं की भांडण तिथंच टाकायचं. "घोडीवर भांडन लादायचं न्हाई, लय जड असतंय," असं ती म्हणायची. आमच्या वालूरात दोन भावांचं बांधाचं भांडण तीन पिढ्या चाललंय. ते तिला सांगितल्यावर ती म्हणाली की ते लोक जागा सोडत नाहीत, मग भांडण कसं सोडतील.

घोडीबद्दल तिचा आणखी एक कायदा होता. घोडीवर कोण बसणार हे ठरलेलं. "घोडीवर तिगंच बसतेत. कोंबडी, कोकरू आन् लेकरू." ज्याला चालता येत नाही तेवढंच घोडीवर, बाकी सगळ्यांनी आपापल्या पायांवर. एका वर्षी तिची सून सगुणा तापानं फणफणलेली होती. मी म्हटलं, बसवा की तिला घोडीवर. उठामायनं सगुणाच्या डोक्यावरचं ओझं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, तिच्या हातात घोडीचा दोर दिला आणि चालायला लावलं. मला ते क्रूर वाटलं. सगुणालाच पुढं कधीतरी विचारलं, तर ती हसली. घोडीवर बसले असते तर मी आजारी पडले असते, असं म्हणाली. हे तत्त्वज्ञान माझ्या काही पचनी पडलं नाही.

खरा राग मला आला तो पुरणपोळीवरून. ओळख झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की या सगळ्यांना एकदा पोटभर जेवू घालायचं. पहाटे उठून डाळ शिजवली, पुरण वाटलं, कटाची आमटी केली. पोळ्यांचा ढीग घेऊन रानात गेले तर रान मोकळं. चुलीचे दगड तेवढे जागेवर, राख अजून गरम. वारा फिरला होता म्हणे, आणि पलीकडच्या रानात कुणीतरी फवारणी सुरू केली होती. फवाऱ्याचं औषध पाल्यावर उडालं तर मेंढरं मरतात, हे खरं. पण निरोप तरी द्यावा माणसानं. त्या पोळ्या आम्ही नवरा-बायको, सालगडी आणि गलेलठ्ठ झालेली शेजारची कुत्री दोन दिवस खात होतो. वर्षभर मी मनात घोकत होते की येऊ दे पुन्हा, बघतेच. पुढच्या माघात ती आली, थेट ओसरीच्या पायरीपाशी उभी राहिली आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, "माय, तेवढ्या पोळ्या राहिल्यात." मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. पुरण पुन्हा वाटलं.

पायरीच्या वर मात्र ती कधी आली नाही. घरात ये म्हटलं की मान हलवायची. छपराखाली तिला गुदमरायचं. पत्र्याखाली, स्लॅबखाली, देवळाच्या मंडपातसुद्धा. देवाचं दर्शनही ती बाहेरून घ्यायची. मला एकदा तिनं विचारलं होतं की तू कुठं कुठं गेलीस. मी आठवून आठवून सांगितलं: माहेर पाथरी, सेलू, परभणी, एकदा तुळजापूर. ती पुढच्या नावाची वाट बघत उभी राहिली. पुढं नाव नव्हतं. "मंग तुला करमतंय कसं?" असं तिनं विचारलं, आणि त्या विचारण्यात टोमणा नव्हता, खरीखुरी काळजी होती. मला त्या रात्री जरा उशिरा झोप लागली. करमतंय की, असं मी स्वतःला सांगत होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा तळ आमच्या रानातून उठला आणि वालूरच्या रस्त्याला लागला. रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. एका जेसीबीनं अचानक आवाज केला, पुढची घोडी बिथरली आणि तिचा दोर धरलेली उठामाय खणून ठेवलेल्या चरात पडली. नडगीचं हाड मोडलं. आमच्या घरच्यांनी जीप करून परभणीला नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं की पाय टेकवायचा नाही, उन्हाळा अर्धा सरेपर्यंत तरी नाही, आणि या वयात हाड पुन्हा मोडलं तर मग चालणं विसरा. तिला घेऊन ते परत आले तेव्हा चारी बिऱ्हाडं आमच्या अंगणात उभी होती. मी म्हटलं, मावशींना इथंच ठेवा, मी आहे ना. पण ते कबूल होईनात. मागं कुणाला सोडून जायचं नाही, ही त्यांची रीत. तिचा मुलगा धुळबा, चाळिशी ओलांडलेला बाप्या, खाली मान घालून उभा होता. तळ थांबवावा तर आमच्या शिवारातला पाला संपलेला. माघारी गावाकडं जावं तर तिकडच्या माळावर पाऊस पडेपर्यंत काडी नाही. चारा होता तो खाली गंगेच्या काठाला, म्हणजे गोदावरीच्या. आणि मेंढ्या व्यायला लागल्या होत्या.

बाजेवर पडल्या पडल्या उठामायनंच निवाडा केला. "एका पायासाठी एवढे पाय उपाशी ठिवू नगा. उठा." ते उठले, पण त्या दिवशी प्रथमच त्यांना उठायला वेळ लागला. सगुणा दोनदा मागं वळून आली. एकदा घोंगडं द्यायला आणि एकदा काहीच न देता.

आणि मग सुरू झाला उठामायचा मुक्काम. घरात यायला ती तयार नव्हतीच, म्हणून लिंबाखाली बाज टाकली, वर ताडपत्री बांधू म्हटलं तर तीही नको. पहिले दोन दिवस ती आभाळाकडं बघत पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली आणि म्हणाली, "बाज हलव." मी विचारलं, ऊन लागतंय का? नाही. मुंग्या आहेत का? नाही. जागा शिळी झाली होती. मी आणि सालगड्यानं बाज तिच्यासकट उचलून विहिरीजवळ नेली. ती दोन दिवस खूश. पुन्हा तिसऱ्या दिवशी "बाज हलव." विहिरीवरून गोठ्याकडं, गोठ्याकडून फाटकाशी, फाटकापासून जांभळाखाली. सालगडी वैतागला, आमचे घरचे हसायला लागले. पण गंमत अशी की मलाच त्याची सवय लागली. तिसरा दिवस आला की माझेच हात शिवशिवायचे. एकदा तिची बाज हलवून झाल्यावर मी घरात गेले आणि कारण नसताना धान्याच्या कोठ्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेल्या. आमच्या घरच्यांनी दारात उभं राहून बघितलं आणि एवढंच म्हणाले की घरकोंबडीला पंख फुटायलेत.

रोज दिवेलागणीला धुळबाचा फोन यायचा. मी फोनचा आवाज मोठा करून तिच्या कानाशी धरायचे. तो सांगायचा, आमी पाथरीच्या पलीकडं गेलाव, मग सांगायचा, गंगेच्या काठाला आलाव, चारा लय हाय, मेंढरं तट्ट झाल्यात. ती प्रत्येक मेंढीचं विचारायची. मोरी व्याली का, तुटक्या कानाचीला दूध आहे का. तो सगळ्याला होय म्हणायचा. फोन बंद झाला की ती त्या बाजूला तोंड करून पडून राहायची. प्लास्टरच्या आत पाय सतत हलत असायचा, बोटं तेवढी बाहेर होती, त्यांना क्षणाची उसंत नसायची. माणूस झोपेत चालतं म्हणतात. ही बाई जागेपणी, पडल्या पडल्या चालत होती.

एके दिवशी दुपारी त्यांचा कुत्रा आला. तांब्या नावाचा, तळावरचा सगळ्यात म्हातारा कुत्रा. येऊन बाजेखाली पसरला, पाणी प्यायला आणि ऊन उतरल्यावर निघून गेला. मला वाटलं, बिचारा मालकिणीच्या ओढीनं कुठून कुठं आला. मी तर डोळे पुसले. दोन दिवसांनी तांब्या पुन्हा आला, तसाच पडला, तसाच गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं, त्याचे पाय चाचपले आणि मला म्हणाली, "ह्यो लंगडा म्हातारा दर दोन दिसाला गंगेहून यील व्हय? तुज्या मालकाला धाड जरा याच्या मागं."

आमचे घरचे मोटारसायकल घेऊन कुत्र्याच्या मागं गेले आणि दिवस बुडायच्या आत परत आले. फार लांब जावं लागलंच नव्हतं. वालूरच्या पलीकडं, सगळ्यांनी चारून टाकलेल्या एका पडीक माळावर तळ पडला होता. ते गंगेला गेलेच नव्हते. प्लास्टर निघेपर्यंत आत्यापासून एका हाकेच्या अंतरावर राहायचं, असं चारी बिऱ्हाडांनी एकमतानं ठरवलं होतं, आणि फोनवर खोटं बोलायचं काम धुळबाकडं दिलं होतं. तोवर वालूरच्या भोवतीच घिरट्या घालत होते. मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आयांना दूध नव्हतं, कोकरं रोज जात होती. सगुणानं हात जोडून सांगितलं होतं की आत्याला यातलं काही कळू देऊ नका. आमच्या घरच्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुना दोष आहे. त्यांनी बाजेपाशी उभं राहून सगळं सांगितलं, आणि मोरी मेल्याचंही सांगितलं.

मला वाटलं, आता ही फोनवर आकाशपाताळ एक करील. त्या संध्याकाळी फोन आला आणि तिनं घेतलाच नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बाज हलवायचा दिवस होता, पण हलव म्हणाली नाही. संध्याकाळी स्वतःच मला फोन लावायला लावला. मी आवाज मोठा करून धरला. कुत्र्याचं नाव नाही, मोरीचं नाव नाही, माळाचं नाव नाही. ती धुळबाला म्हणाली की मला इथं करमायलंय. पाय बरा झाला तरी मी आता पावसाळाभर इथंच राहणार. तुमी तुमच्या वाटेनं जावा, माझ्यासाठी वाट वाकडी करू नका. मी नुसती बघत राहिले. मग धुळबा म्हणाला की मी उद्या येऊन भेटून जातो.

फोन ठेवला आणि तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाज घरात ने."

मला समजायला वेळ लागला. लिंबाखाली पडलेली आत्या बघितली तर धुळबा जायचा नाही. तो लेकरू असल्यापासून तिला ओळखतो. पण छपराखाली, भिंतीच्या आत, सुखानं पडलेली आत्या बघितली तर कदाचित जाईल. सकाळी आम्ही तिघांनी बाज मधल्या खोलीत नेली. दारातून आत जाताना तिनं डोळे मिटून घेतले होते. पंखा लावला. टीव्ही लावला. तिनं घोंगडं बाजूला करून माझी फुलाफुलांची चादर मागून घेतली आणि छातीपर्यंत ओढली. कपाळावर घाम फुटला होता, तो मी पुसला. श्वास मोजून घेत होती. मी विचारलं, होईल का हे? तिनं टीव्हीकडं तोंड वळवलं.

धुळबा आणि सगुणा आले. दाराशीच थबकले. उठामायनं टीव्हीवरची नजर काढली नाही. धुळबानं पाय कसा आहे विचारलं, तर चांगला आहे म्हणाली, आणि मला म्हणाली, लेकी, आज चहात साखर कमी पडली. पंख्याचं कौतुक केलं. माश्या बसत नाहीत म्हणाली. या घरात किती बरं आहे, कितीदा जेवायला विचारतात, हे सगळं तिनं मला साक्षीला धरून सांगितलं आणि मी माना डोलवल्या. सगुणा दाराला धरून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. धुळबा बराच वेळ आईच्या पायाकडं बघत होता. प्लास्टरच्या बाहेरची बोटं अगदी स्थिर होती. इतक्या दिवसांत ती बोटं स्थिर मी तेव्हाच पाहिली.

"जावा आता," ती म्हणाली. "मला मालिका बघू द्या."

धुळबा वाकून पाया पडला आणि निघाला. मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मला वाटलं, फसला बिचारा, आणि मनात जरा चरचरलं. फाटकाशी तो थांबला. "आत्याला पंखा सोसत न्हाई माय. मला ठावं हाय," तो म्हणाला. "पर तिनं उठा म्हनलंय." एवढं बोलून तो गेला.

त्याच दिवशी त्यांचा तळ खरोखरच हलला. पाथरीच्या वाटेनं मेंढरं आमच्या शिवाराच्या कडेनं गेली. घरातून ती दिसत नव्हती, नुसता त्यांचा आवाज, घोड्यांच्या घुंगरांचा आवाज आणि तांब्याचं भुंकणं येत होतं. उठामाय ऐकत पडली होती. आवाज लांब गेला, मग बारीक झाला, मग राहिला नाही. तेव्हा तिनं चादर बाजूला फेकली आणि म्हणाली, "आता बाहेर काड मला." आम्ही बाज लिंबाखाली नेली. तिथं ती रडली. तोंडावर घोंगडं घेऊन, खांदे हलवत, कितीतरी वेळ. मी बाजेच्या कडेला बसून तिच्या पायाच्या बोटांवरून हात फिरवत राहिले. ती बोटं पुन्हा चालायला लागली होती.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालेला, वाकडा जुळलेला. ती काठी घेऊन पहिल्या दिवशी लिंबापर्यंत गेली, मग विहिरीपर्यंत, मग फाटकापर्यंत. फाटकाच्या पुढं पाय चालला नाही. रोज जायची आणि रोज तिथूनच परत यायची. पावसाच्या तोंडावर, रोहिण्या लागायच्या आधी, गंगेहून तळ परतला. मेंढरं खरंच तट्ट झाली होती. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून फाटकाशी गेली. इथून त्यांच्या डोंगरातलं गाव आठ-पंधरा दिवसांच्या वाटेवर. सगळे घोडीभोवती उभे होते आणि कुणाचीही तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. सगुणानं कोंबड्यांची डालगी दुसऱ्या घोडीवर हलवून जागा केलेली होती. ती जागा उठामायच्या नजरेतून सुटली नाही.

उठामायनं घोडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आता मी यातली कोन गं? कोंबडी, कोकरू का लेकरू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, लेकरू. ती हसली. पुढच्या दोन्ही दातांच्या जागी फट होती, ती मी तोवर कधी पाहिली नव्हती, कारण ती तोंडभर कधी हसली नव्हती. धुळबानं तिला दोन्ही हातांवर उचलून घोडीवर ठेवलं. तिथं मात्र तिला मांडी घालूनच बसावं लागलं असेल, असं कुणाला वाटेल. नाही. चांगला पाय तिनं खाली सोडून ठेवला होता, उतरायच्या तयारीत.

पुढच्या माघात तळ आला तेव्हा घोडीवर कोंबड्या होत्या, कोकरं होती, लेकरू होतं. मी पायरीवरून बघितलं आणि मला कळलं. धुळबानं सांगितलं की दिवाळीनंतर गाव सोडलं आणि वाटेतच, चालत्या घोडीवर आत्या गेली. आधी वाटलं, डोळा लागलाय. तिला तिथंच रस्त्याच्या कडेला माती दिली. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं की माझ्यासाठी थांबायचं नाही, मेंढरांचे पाय आखडतात. ते माती देण्यापुरतेच थांबले आणि नेहमीप्रमाणेच पुढं निघाले. मी पुरणाची डाळ भिजत घातली होती. ती शिजवली, पोळ्या केल्या आणि सगळ्यांना वाढल्या. सगळे जेवले.

तळ हलायच्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन रानात गेले. जाळ्या गुंडाळून झाल्या होत्या, घोड्या लादून झाल्या होत्या. चहा पिऊन झाला. पण कुणी हलेना. बायका चुलीच्या दगडांपाशी बसून होत्या, बाप्ये काठ्यांवर हनुवट्या टेकून उभे होते. मेंढरं उगाच जागच्या जागी फिरत होती. मी सगुणाकडं बघितलं. तिच्या ओठांवर शब्द आला होता, पण बाहेर पडत नव्हता. धुळबा दुसरीकडं बघत होता. ऊन वर चढत होतं, वारा फिरला होता. हे असं बसून राहणं मला, या घरकोंबडीला, सोसेना. आणि मी म्हटलं, "उठा."

मोठ्यानं नाही, ओरडून नाही. सगुणा उठली. मग तिची जाऊ उठली. धुळबानं काठी खांद्यावर टाकली, तोंडानं आवाज काढला आणि मेंढरं पाथरीच्या वाटेला लागली. वळणावर सगुणानं एकदा मागं बघून हात केला. मी कप गोळा करून घरी आले, सालगड्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी लिंबाखालची रिकामी बाज उचलून विहिरीकडं नेऊन टाकली. तिसरा दिवस होता.